निळ्यांचं जुनं घर

दोस्तांनो, समजा उद्या सकाळी तुम्ही बॅट-बॉल घेऊन खाली उतरलात आणि बघता तो काय, तुमच्या मैदानाला पत्र्याचं कुंपण! वर पाटी: ‘हे मैदान हलवण्यात येत आहे. नवे मैदान मोठे व सोयीचे आहे.’ कुठे आहे म्हणे नवं मैदान? तर रेल्वे फाटकाच्या पलीकडे, बसच्या शेवटच्या थांब्याजवळ.

आता, नवं मैदान खरोखरच छान असेल. तिथे हिरवळ असेल, नळाला पाणी असेल. तरी तुमच्या पोटात खड्डा पडेल की नाही? गॅलरीतून ‘पुरे झालं, जेवायला चला’ म्हणून हाक मारणारी आई, बॉल आत गेला की परत न देणारे तळमजल्यावरचे काका, हरल्यावरही उधारीवर गोळा देणारा गाडीवाला... हे सगळे नव्या मैदानात कुठून येणार?

नेमका हाच प्रश्न इंग्लंडमधल्या एका शहरातल्या हजारो माणसांना पंचवीस-एक वर्षं छळत होता. शहराचं नाव लिव्हरपूल. क्लबचं नाव एव्हर्टन. हे लोक निळ्या रंगाचे भक्त. त्यांच्या मैदानाचं नाव गुडिसन पार्क. चला, आज आपण तिथे पायीच जाऊ या. बूट घट्ट बांधा आणि छत्रीही घ्या, कारण इथल्या पावसाचा काही नेम नाही.

भाडं वाढलं, घर सोडलं

आपण चालायला सुरुवात करू अॅनफिल्डपासून. तुमच्यातले फुटबॉलवेडे लगेच ओरडतील, ‘अहो, हे तर लिव्हरपूल क्लबचं मैदान! लाल रंगवाल्यांचं!’ बरोबर. पण गंमत ऐका. १८८४पासून १८९२पर्यंत या मैदानावर एव्हर्टनच खेळत होता! त्या वेळी लिव्हरपूल नावाचा क्लब जन्मालाही आला नव्हता.

एव्हर्टनची सुरुवात १८७८मध्ये सेंट डोमिंगो नावाच्या एका चर्चमधल्या पोरांनी केली. पुढच्याच वर्षी नाव बदलून एव्हर्टन झालं. आधी ते सार्वजनिक बागेत खेळत, मग फिरत फिरत अॅनफिल्डला आले. १८९१मध्ये तर इथे खेळत त्यांनी इंग्लंडची लीग जिंकली. पण मैदानाचा कारभार ज्यांच्या हातात होता, त्या जॉन हौल्डिंग यांच्याशी भाड्यावरून वाजलं. क्लबमधल्या बहुतेकांनी ठरवलं, आपण जागाच सोडायची. जॉर्ज माहन नावाचे गृहस्थ त्यांचे पुढारी. हे चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे. एका डॉक्टरांनी १ हजार पौंड बिनव्याजी दिले. बागेच्या पलीकडची एक ओबडधोबड जागा घेतली, सपाट केली आणि २४ ऑगस्ट १८९२ रोजी गुडिसन पार्कचं उद्घाटन झालं. ही तारीख लक्षात ठेवा हं, पुढे कामाला येणार आहे.

आणि रिकाम्या अॅनफिल्डचं काय झालं? हौल्डिंगसाहेबांनी तिथे नवाच क्लब काढला. तोच लिव्हरपूल! म्हणजे एका भांडणातून दोन क्लब आणि दोन मैदानं.

हे ऐकून तुमच्या आजोबांना मुंबईची आठवण होईल. ब्रेबॉर्न स्टेडियम असताना हाकेच्या अंतरावर वानखेडे स्टेडियम का बांधलं, विचारा त्यांना. क्रिकेट क्लब ऑफ इंडिया आणि मुंबईची क्रिकेट संघटना यांचं सामन्याच्या तिकिटांच्या वाटपावरून बिनसलं, म्हणून! १९७५च्या जानेवारीत वानखेडेवर पहिली कसोटी झाली. माणसं इथूनतिथून सारखीच.

पंधरा मिनिटांची वाट

आता समोरची बाग ओलांडायची. हिचं नाव स्टॅन्ली पार्क. एका टोकाला लाल, दुसऱ्या टोकाला निळे, मध्ये झाडं आणि तळं. पंधरा-एक मिनिटांत आपण पलीकडे पोचतो. या शहरात एकाच घरात बाप निळा आणि लेक लाल असं सर्रास असतं. सामन्याच्या दिवशी दोघं एकत्र निघतात आणि परतताना एकजण गप्प असतो.

बाग संपली की लाल विटांच्या बैठ्या घरांच्या रांगा लागतात. भिंतीला भिंत लागलेली, दार उघडलं की थेट फुटपाथ. आणि या घरांच्या मधोमध, गल्लीच्या तोंडाशी, अचानक एक निळी अजस्र भिंत उभी राहते. हेच गुडिसन! आपल्याकडे चाळींच्या गर्दीत जसं एखादं जुनं देऊळ असावं ना, तसं हे स्टेडियम वस्तीत बसलेलं आहे. एका बाजूला गुडिसन रोड, दुसरीकडे बुलेन्स रोड, गोलच्या मागे ग्लॅडिस स्ट्रीट. एक प्राथमिक शाळासुद्धा अगदी जवळ आहे. त्या पोरांचं नशीब बघा!

आणखी एक नवल कोपऱ्यात आहे. सेंट ल्यूक नावाचं चर्च स्टेडियमच्या दोन स्टॅंडच्या बेचक्यात घुसून बसलेलं आहे. स्टेडियम वाढत गेलं, पण चर्च हललं नाही. दोघांनी एकमेकांना सांभाळून घेतलं. सामन्याच्या दिवशी या चर्चच्या हॉलमध्ये चहा मिळायचा, क्लबच्या जुन्या वस्तूंचं प्रदर्शन लागायचं.

आत डोकावू या. लोखंडी तुळयांची ती फुलीफुलीची नक्षी दिसली? ती आर्चिबाल्ड लीच या स्कॉटिश अभियंत्याची खूण. शंभर वर्षांपूर्वी ब्रिटनमधली कितीतरी स्टेडियमं त्यांनी बांधली. याच हिरवळीवर डिक्सी डीन खेळायचा. १९२७-२८च्या एका हंगामात या पठ्ठ्याने लीगमध्ये ६० गोल केले! तो विक्रम इंग्लंडच्या अव्वल विभागात आजही मोडलेला नाही. १९६६च्या विश्वचषकात इथेच उत्तर कोरियाने पोर्तुगालवर ३-० आघाडी घेतली आणि सगळं जग थक्क झालं. मग युसेबिओने एकट्याने ४ गोल ठोकले आणि पोर्तुगालने सामना ५-३ असा फिरवला.

सामन्याआधी एक मुलगी जुन्या पद्धतीचा पोशाख करून, हातात टोपली घेऊन मैदानाला फेरी मारते आणि प्रेक्षकांत गोळ्या उधळते. एव्हर्टनचं टोपणनावच मुळी ‘टॉफीज’ आहे! जुन्या काळी या भागात टॉफीची प्रसिद्ध दुकानं होती, त्यावरून ते पडलं.

आता जरा हळू बोलू या. या मैदानाच्या कडेला ८००हून अधिक चाहत्यांची रक्षा पुरलेली आहे. ‘मी गेल्यावर मला गुडिसनला ठेवा,’ असं लोक घरच्यांना सांगून ठेवत. शेवटी जागाच उरली नाही, म्हणून २००४पासून क्लबला नाही म्हणावं लागलं. आणि तो डिक्सी डीन? १ मार्च १९८० रोजी म्हातारा डीन इथेच सामना बघायला आला होता, लिव्हरपूलविरुद्धचा. बघता बघता त्याने याच स्टेडियममध्ये प्राण सोडला.

आता सांगा, ‘स्टेडियम हलवणार’ म्हटल्यावर लोकांच्या काळजाचं काय होत असेल? ज्याच्या वडिलांची रक्षा त्या कोपऱ्यातल्या झेंड्याजवळ आहे, त्याला तुम्ही ‘नव्या जागी पार्किंग मोठं आहे’ असं कसं सांगणार?

मग हलायचं कशाला?

पण दुसरी बाजूही ऐकायला हवी. नाहीतर आपण नुसतेच हळवे ठरू.

लीचच्या त्या सुंदर स्टॅंडमध्ये खांब आहेत, आणि खांबामागे ज्याची खुर्ची असेल त्याला गोल दिसत नाही. नुसती आरोळी ऐकू येते! पैसे पूर्ण आणि सामना अर्धा. खुर्च्या दाटीवाटीच्या. चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्यांना जागा थोडी. १९४८मध्ये इथे एका सामन्याला ७८,२९९ माणसं आली होती. पण तेव्हा लोक उभं राहून बघत. सगळ्यांना खुर्च्या द्यायच्या म्हटल्यावर जेमतेम ३९ हजार माणसं मावू लागली. शेजारचं अॅनफिल्ड मोठं होत चाललं, तिकिटांचे पैसे जास्त येऊ लागले आणि त्या पैशातून चांगले खेळाडू येऊ लागले.

मग गुडिसनच मोठं का करायचं नाही? कारण चारी बाजूंना घरं, शाळा आणि चर्च! वस्तीत असणं ही जशी त्याची शोभा, तशीच ती अडचण.

म्हणून क्लब जागा शोधू लागला. सुरुवातीला नदीकाठच्या किंग्ज डॉकचं स्वप्न पाहिलं. २००३मध्ये पैशाअभावी ते मोडलं. मग आलं कर्कबी. आणि खरी ठिणगी तिथे पडली.

कर्कबीचं भांडण

कर्कबी हे गाव गुडिसनपासून सरळ रेषेत सातेक किलोमीटर. तुम्ही म्हणाल, एवढंच ना? आमचे बाबा रोज दादर ते विरार करतात! पण मेख अशी की कर्कबी लिव्हरपूल शहराच्या हद्दीबाहेर आहे. तिथे ५० हजार खुर्च्यांचं स्टेडियम आणि शेजारी एक भलंमोठं दुकानसंकुल, अशी योजना होती.

चाहत्यांत उभी फूट पडली. काहींचं म्हणणं, ‘भावनेने गोल होत नाहीत. नवं स्टेडियम मिळतंय, घ्या.’ दुसरे म्हणाले, ‘शहरातला हा जुना क्लब शहराबाहेर? उद्या लाल मंडळी आम्हांला चिडवतील, शहर आमचं, तुम्ही पाहुणे.’ त्यांची काळजी नुसती मानाची नव्हती. कर्कबी हे तेव्हा त्या रेल्वेमार्गाचं शेवटचं स्टेशन. सामना संपल्यावर ५० हजार माणसं एका छोट्या स्टेशनवर लोटली तर घरी पोचायला किती वाजतील? पायी येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांनी काय करायचं? गुडिसनभोवतीच्या चिप्सवाल्यांचं, निळे मफलर विकणाऱ्यांचं पोट कशावर भरायचं?

एक गोष्ट मात्र न्यायाने सांगायला हवी. कर्कबीचे लोक काही परके नव्हते. दुसऱ्या महायुद्धानंतर लिव्हरपूलमधल्या जुन्या वस्त्या पाडल्या, तेव्हा तिथल्या हजारो कुटुंबांना कर्कबीत घरं दिली गेली. त्यांच्यात निळे पुष्कळ होते. त्यांना वाटत असेल, आम्हांला एकदा शहराबाहेर काढलंत, आणि आता आमच्याच गावाला नाकं मुरडता?

२००७च्या ऑगस्टमध्ये क्लबने चाहत्यांचं मतदान घेतलं. सुमारे ५९ टक्के लोक ‘हलू या’ म्हणाले. म्हणजे शंभरातले एकेचाळीस नाराज. शाळेच्या सहलीला कुठे जायचं यावर हात वर करता, तेव्हा हरलेली मुलं काय करतात? काही रुसतात, काही विसरतात. ही एकेचाळीस टक्के मंडळी मात्र रुसून बसली नाहीत. ‘एव्हर्टनला आपल्या शहरातच ठेवा’ अशा नावाची त्यांची संघटना होती. त्यांनी नकाशे तपासले, गाड्यांची गणितं मांडली, सरकारी चौकशीपुढे जाऊन आपलं म्हणणं मांडलं.

नोव्हेंबर २००९मध्ये सरकारने योजना फेटाळली. मुख्य कारण कोणतं, माहीत आहे? ते दुकानसंकुल इतकं मोठं होतं की आजूबाजूच्या गावांतल्या बाजारपेठा बसल्या असत्या. म्हणजे स्टेडियम हलतं तेव्हा त्याचा धक्का फुटबॉल न बघणाऱ्या वाण्यालाही बसतो!

नंतर गुडिसनजवळच्याच एका बागेत स्टेडियम बांधायचा विचार निघाला. तेव्हा काळजी बागेत फिरणाऱ्या लोकांना लागली. २०१६मध्ये तोही बेत सोडून दिला गेला.

गोदीतलं नवं घर

आता आपण नदीच्या दिशेने निघू. गुडिसनपासून तीनेक किलोमीटरवर मर्सी नदीचा काठ लागतो. लिव्हरपूल म्हणजे बंदर. आपल्या मुंबईच्या गोद्या आठवा, तशाच इथे एकापुढे एक गोद्या आहेत. त्यांतली एक ब्रॅम्ले-मूर. १८४८मध्ये ती सुरू झाली. तिच्यातून कोळसा जहाजांवर चढत असे. पुढे काम ओसरलं आणि गोदी सुनी पडली.

क्लबने ही जागा धरली. आणि या खेपेला एक शहाणपण केलं. आधी लोकांना विचारलं. नुसतं ‘हो की नाही’ एवढंच नव्हे, तर नवीन घर कसं असावं आणि रिकाम्या गुडिसनचं काय करावं, हेसुद्धा. ४० हजारांहून जास्त लोकांनी उत्तरं दिली आणि त्यांतल्या बहुतेकांनी होकार दिला. का बरं? कारण जागा शहरातच होती, आणि शहराच्या इतिहासात ज्या नदीला मान तिच्याच काठावर होती.

ऑगस्ट २०२१मध्ये काम सुरू झालं. गोदी पाण्याने भरलेली. ती कशी बुजवणार? समुद्रातून वाळू उपसून आणली आणि आत सोडली. त्याआधी गोदीतले मासे पकडून दुसऱ्या पाण्यात नेऊन सोडले, म्हणजे माशांचंही स्थलांतर झालं! जुन्या दगडी भिंती तोडल्या नाहीत, वाळूखाली तशाच जपून ठेवल्या. गोदीचा जुना जलशक्तीचा मनोराही राखला.

तरी किंमत मोजावी लागलीच. लिव्हरपूलचा बंदरकाठ २००४पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत होता. जुलै २०२१मध्ये युनेस्कोने तो यादीतून काढून टाकला. काठावरची नवी बांधकामं हे त्याचं कारण, आणि त्यांत या स्टेडियमचाही उल्लेख होता. एकदा दिलेला हा मान असा काढून घेण्याची ती जगातली फक्त तिसरी वेळ. कुणी म्हणालं, ‘वारसा गेला.’ कुणी म्हणालं, ‘ओसाड गोदीपेक्षा नांदती गोदी बरी.’ तुम्हांला काय वाटतं? घरी जेवताना यावर वाद घालून बघा.

शेवटचा सामना, पहिला सामना

१८ मे २०२५. पुरुष संघाचा गुडिसनवरचा शेवटचा सामना, साउदॅम्प्टनविरुद्ध. एव्हर्टन २-० जिंकला. दोन्ही गोल इलिमान एन्डिआय या खेळाडूचे. तिकीट नसलेली हजारो माणसं बाहेरच्या गल्ल्यांत नुसती उभी होती. आत काय चाललंय ते दिसत नव्हतं, पण त्या दिवशी तिथे असायचं होतं. आपल्याकडे लेक सासरी निघाली की सगळी आळी दारात येते ना, तसं.

नव्या स्टेडियममध्ये लीगचा पहिला सामना झाला तो २४ ऑगस्ट २०२५ला. ती तारीख आठवली? १८९२मध्ये गुडिसन उघडलं तीच! बरोबर १३३ वर्षांनी. आणि त्या सामन्यातला पहिला गोल कुणी केला? त्याच एन्डिआयने.

नवं स्टेडियम ऐटबाज आहे. जवळजवळ ५३ हजार खुर्च्या. खांबामागे बसून नुसती आरोळी ऐकायची पाळी कुणावर येत नाही. नाव मात्र एका कंपनीचं, हिल डिकिन्सन स्टेडियम. बाहेरच्या चौकात चाहत्यांनी पैसे भरून बसवलेल्या फरशा आहेत. त्यांवर आजोबांची, मुलांची, गेलेल्या माणसांची नावं आहेत. जुन्या घरात रक्षा होती, नव्या घरात नावं आली.

आणि जुनं घर? आधीचा बेत होता ते पाडून तिथे घरं, बाग वगैरे करण्याचा. पण मे २०२५मध्ये क्लबने जाहीर केलं, गुडिसन पाडायचं नाही. ते एव्हर्टनच्या महिला संघाचं घर होणार. त्यामुळे २०२५-२६च्या हंगामापासून तिथे मुली खेळू लागल्या. ज्यांची माणसं त्या हिरवळीच्या कडेला आहेत, त्यांचा जीव भांड्यात पडला.

सगळं गोड झालं असं मात्र समजू नका. महिलांच्या सामन्यांना अजून तेवढी गर्दी होत नाही, तेव्हा गुडिसनजवळच्या दुकानदारांची काळजी काही मिटलेली नाही. नव्या स्टेडियमजवळच्या सॅंडहिल्स स्टेशनवर सामन्यानंतर रांगा लागतात. आसपासच्या गल्ल्यांत गाडी लावण्याचे नवे नियम आल्यावर तिथले रहिवासी कुरकुरले. नवीन वाट रुळायला वेळ लागतो. स्टॅन्ली पार्कमधून गुडिसनला जाणारी पाऊलवाट रुळायला १३३ वर्षं लागली होती.

तर दोस्तांनो, आपलं फिरणं इथे संपलं. आता परत आपल्या मैदानावर येऊ. पत्र्याचं कुंपण अजून लागलेलं नाही, हे नशीब. पण कधी सोसायटीच्या, गावाच्या किंवा शाळेच्या सभेत मैदान हलवायचा विषय निघाला, तर ‘आमचं मैदान घेऊ नका’ म्हणून नुसतं रडू नका. एव्हर्टनवाल्यांसारखं वहीत प्रश्न लिहून न्या. नव्या जागी आम्ही पोचणार कसे? धाकट्या बहिणीला एकटीला तिथवर जाता येईल का? गोळेवाल्या काकांना तिथे जागा आहे का? आणि आमच्या जुन्या मैदानाचं तुम्ही करणार काय?

शेवटचा प्रश्न विसरू नका. त्याचं उत्तर मिळेपर्यंत बसू नका.